अंदाजपंचे

इकडे डिसेंबरात सूर्य येत नाही.
दुपारी बाराला डोंगरामागे थोडं निळं होतं,
कुणी दार किलकिलं करून
"चुकलं घर" म्हणत परत लावावं तसं.
असल्या दिवसांत मी सहासष्ट सालची व्होल्व्हो घेतली.
हेडलाइट ठणठणीत, वायपर कुरकुरे पण चालू,
डॅशबोर्ड मात्र ठार आंधळा.
किती वेगात आहोत, टाकीत किती आहे, इंजिन तापलंय का,
सगळं अंदाजपंचे.

फिश फॅक्टरीत मी शीतगृहं दुरुस्त करते.
उणे तीसमध्ये कुठली तार कशाला रुसते, मला कळतं.
म्हटलं, तासाभराचं काम.
हे ऐकून शेजारचा इंगवाल्ड
कॉफीचा मोठा थर्मास घेऊनच आला.

आधी फ्यूज. काढला, पुसला, जरा फिरवून बसवला.
फ्यूज निर्दोष.
मग स्विच: ओढला की बाहेरचे दिवे,
पिळला की आतले कमीजास्त.
वीस वेळा पिळला, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आतल्या वेटोळ्यावरचा गंज असाच घासून जातो कधीकधी.
गेला नाही.
टेस्ट लॅम्प टेकवला. पेटला!
म्हणजे इथवर वीज येते,
पुढे कुठेतरी वाट चुकते.

मग पाठीवर.
डोकं पेडलांपाशी, बूट दाराबाहेर बर्फात,
हात वर, जिथे डोळे पोचत नाहीत.
बॅटरी इंगवाल्डच्या हातात,
आणि इंगवाल्ड गुडलॉगच्या आठवणीत.
"चाळीस वर्षं सुईणपण केलं तिनं, याच गाडीतून."
"इकडे धर."
"अख्ख्या लांगोया बेटावर. वादळात वीज जायची,
ज्या घरी वेळ भरली तिथे खिडकीत कंदील ठेवत. तेवढीच खूण."
"इंगवाल्ड, उजेड. इकडे."

बोटांनाच सापडली शेवटी ती काळी तार,
लोंबकळत, स्क्रूचा पत्ता नाही.
विजेला नुसतं येऊन चालत नाही, परतही जावं लागतं.
आमच्या धंद्यात म्हणतात, अर्थ तुटलाय.
पत्रा घासला चकाकेपर्यंत, नवा स्क्रू आवळला,
स्विच ओढला.

आलं काहीतरी.
उजेड म्हणवेना. निखाऱ्यावर राख बसावी तसं.
"झालं!" इंगवाल्ड म्हणाला.
झालं नव्हतं.

एक बल्ब ओढून काढला, करंगळीच्या नखाएवढा.
काच लाल.
काजळी नाही, गंज नाही. नेलपॉलिश.
ब्रशचे फटकारे दिसत होते, खाली एक ओघळ वाळलेला.
तिन्ही बल्ब तसेच.

इंगवाल्डने तो तळहातावर घेतला.
बॅटरी कुठे ठेवली त्याची त्यालाच कळलं नाही.
"एकाहत्तर साल," तो म्हणाला,
"मी सहकारी दुकानात गल्ल्यावर.
तिनं ही बाटली घेतली.
गावभर झालं, गुडलॉग कुणासाठी नखं रंगवते?
मी आपला दर शनिवारी
पाव बांधता बांधता तिचे हात बघायचो.
आखूड नखं. कोरी. कायम."

मी काय बोलणार?
अंधाराला सरावलेले डोळे
पांढऱ्या दिव्याने एका क्षणात उसवतात,
हे मी त्याला सांगितलं. सावकाश, इंजिनाबद्दल सांगावं तसं.
तो हसला. मग बराच वेळ कॉफीच ओतत राहिला,
कप भरला होता तरी.

नवे तीन बल्ब माझ्या खिशात होते.
अजून आहेत.

त्याला घरी सोडायला निघाले तेव्हा
वेगाची पट्टी दिसत होती, जेमतेम,
पण काठच्या दगडांवरून रस्त्याकडे निघालेलं पाणमांजर
फार आधी दिसलं.
थांबलो. ते गेलं, घाई न करता.
इंगवाल्ड खिडकीबाहेर बघत होता, खिडक्यांकडे.

पेट्रोलचा काटा तेवढा वाचता येत नाही.
उद्या मागे पाच लिटरचा कॅन ठेवीन.